करवंटीचं तेल, दगडातलं तेल: परसात पाताळयंत्र कसं लावावं

रत्नागिरी जिल्ह्यात विहीर खणताना जांभा संपून खाली काळी, चिकट माती लागली की वाडीत एक बातमी हमखास फिरते: "तेल लागलं." जांभ्याच्या थराखाली अशी काळी माती आणि तिच्यात कुजक्या लाकडासारखे दिसणारे लिग्नाइटचे, म्हणजे कच्च्या तपकिरी कोळशाचे, तुकडे मिळतात, हे भूशास्त्राला एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे. ते तेल नव्हे. पण अशाच एका विहिरीची माती रुमालात बांधून नववीतली दोन मुलं माझ्याकडे आली. "सर, अमेरिकेत जमिनीखाली दगड तापवून तेल काढतात ना? मग हिच्यातून का नाही निघणार?"

फळ्यावर उत्तर दिलं, पण मुलांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की ते पटलेलं नाही. तेव्हा आजीचं पाताळयंत्र आठवलं. गजकर्णावर लावायला ती करवंटीचं तेल काढायची. जमिनीत एक भांडं पुरायचं, त्यावर करवंट्यांनी भरलेलं मडकं उपडं ठेवायचं आणि मडक्याभोवती शेणी पेटवायच्या. दुसऱ्या दिवशी पुरलेल्या भांड्यात काळंभोर तेल. रसशास्त्रात या मांडणीला पाताळयंत्र म्हणतात, कारण तेल वर न जाता खाली, पाताळाकडे उतरतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या डोंगरात शेकडो कोटी डॉलरच्या उद्योगाने जे करून पाहिलं, त्याचं मूळ तत्त्व या मडक्यात आहे. त्यानंतर आम्ही हा प्रयोग चार वेळा केला. त्यात जे हाताला लागलं ते इथे सगळं लिहितो. विज्ञानाच्या शिक्षकांनी तो जरूर करावा. मुलांनी मोठं माणूस सोबत असल्याशिवाय करू नये.

तेल आत नसतं

खोबऱ्यात तेल असतं, म्हणून ते घाण्यात घालून पिळता येतं. करवंटी कितीही कुटा, पिळा, थेंब निघणार नाही. तिच्यात असतात लिग्निन, सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज, म्हणजे लांबच लांब साखळ्यांचे घट्ट रेणू. उघड्यावर तापवली तर करवंटी जळून जाते. हवा तोडून तापवली तर जळायला ऑक्सिजन नसतो, मग साखळ्या तुटतात. लहान तुकडे वाफ होऊन बाहेर पडतात आणि थंड झाले की द्रव होतात. मागे कोळसा राहतो. तेल हे असं उष्णतेनं घडतं.

ज्याला तेलशेल म्हणतात त्या खडकाचंही तसंच. त्याच्या बारीक थरांमध्ये केरोजेन नावाचा घन सेंद्रिय पदार्थ असतो. प्राचीन तळ्यांच्या आणि समुद्रांच्या तळाशी शेवाळं आणि सूक्ष्म जीव गाळात गाडले गेले, त्यांचा हा अवशेष. नेहमीच्या द्रावकांत तो विरघळत नाही. कोलोरॅडो, यूटा आणि वायोमिंग या राज्यांत पसरलेला ग्रीन रिव्हर थर सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या तळ्यांत साचला. त्यातल्या एकट्या पिसिआन्स खोऱ्यात दीड लाख कोटी बॅरलच्या आसपास तेल देईल एवढा साठा आहे, असा अमेरिकी भूसर्वेक्षण खात्याचा २००९ चा अंदाज. हा आकडा खडकात असलेल्या एकूण साठ्याचा आहे. त्यातलं किती काढता येईल हा प्रश्न वेगळा.

इथे एक गल्लत बहुतेकांची होते. अमेरिकेत पाण्याच्या दाबाने खडकाला भेगा पाडून जे 'शेल ऑइल' काढतात ते तयार तेल असतं, फक्त घट्ट खडकात अडकलेलं. तेलशेलमध्ये तेल अजून झालेलंच नसतं.

आणि आपलं मुंबई हाय? १९७४ साली 'सागर सम्राट' या समुद्रात विहीर खणणाऱ्या तराफ्यावरून ते सापडलं, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत समुद्रात. तिथे भट्टी निसर्गाने लावली होती. सेंद्रिय गाळाचे थर खोल गाडले गेले, पृथ्वीच्या पोटातल्या शंभर-सव्वाशे अंशांच्या उष्णतेत लाखो वर्षं शिजले आणि तयार झालेलं तेल वर सरकून चुनखडकात साठलं. कोकणचा काळा कातळ मात्र लाव्हाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो तापलेलाच बाहेर आला. त्यात शिजायला काही नाही.

करवंट्या निवडणं

शहाळ्याची करवंटी चालणार नाही. ती कच्ची आणि ओली असते. पक्क्या सुक्या नारळाची, तपकिरी-काळी, बोटाने वाजवली की टणटण आवाज देणारी घ्या. आतलं खोबरं राहिलं असेल तर सुरीने पूर्ण खरवडा, नाहीतर खोबरेल त्यात मिसळेल आणि प्रयोगाचा अर्थच जाईल. बाहेरच्या शेंड्या कोयत्याच्या पात्याने घासून काढा. मग आठ दिवस खळ्यात कडक उन्हात वाळवा.

फोडताना तुकडे सुपारीएवढे ठेवा. भुगा केला तर तो जाळीतून खाली पडतो आणि वाफेची वाटही बुजवतो. फार मोठे ठेवले तर गाभा कच्चा राहतो. २ किलो तुकडे तराजूवर नेमके मोजून घ्या आणि वजन वहीत लिहा. पुढचा सगळा हिशेब याच आकड्यावर उभा आहे.

खडकाचीही अशीच परीक्षा घेतात. तिला फिशर परीक्षा म्हणतात. १०० ग्रॅम कुटलेला खडक छोट्या बंद भांड्यात घालायचा, मिनिटाला १२ अंश या वेगाने ५०० अंश सेल्सियसपर्यंत तापवायचा, तिथे ४० मिनिटं ठेवायचा आणि किती तेल, किती पाणी निघालं ते मोजायचं. टनामागे शंभर लिटरच्या आसपास तेल देणारा खडक चांगला समजतात. मुलांनी आणलेली काळी माती मी परीक्षानळीत तापवून दाखवली. नळीच्या गळ्याशी भरपूर पाणी जमलं आणि पिवळसर डांबराचा अगदी पुसट थर. ती मुलं त्या नळीकडे बराच वेळ बघत राहिली.

काजूची टरफलं आणि बिब्बे या यंत्रात चुकूनही घालू नका. पाताळयंत्राने बिब्ब्याचं तेल काढणारे जाणकार वैद्य आहेत, पण त्याचा आणि काजूच्या टरफलाचा डीक अंगावर उततो आणि त्याच्या धुराने तोंड-डोळे सुजतात. शाळेच्या प्रयोगात त्यांना जागा नाही.

भांडी

वरचं भांडं: बिनचमकीचं मातीचं मडकं, पाच-सहा लिटरचं, थोड्या उंच गळ्याचं. टिचकी मारून बघा, बद्द आवाज आला तर चीर आहे. खालचं भांडं: दोन-तीन लिटरचा स्टीलचा डबा, घट्ट झाकणाचा. अॅल्युमिनियम नको, कारण निघणारं पाणी व्हिनेगरसारखं आंबट असतं आणि ते अॅल्युमिनियम खातं. प्लास्टिकचा तर प्रश्नच नाही.

डब्यावर दोन कामं वेल्डरकडून करून घ्या. झाकणाच्या मधोमध दोन इंचाचं भोक, आणि डब्याच्या बाजूला, झाकणाखाली दोन बोटं सोडून, अर्धा इंची साध्या लोखंडी पाइपची जोडणी. जस्ताचा मुलामा असलेला पाइप घेऊ नका, तापला की त्याचा धूर विषारी असतो. पाइप पाच-सहा फूट लांब हवा. आजीच्या यंत्रात हा पाइप नव्हता. तो मी का घातला ते पुढे सांगतो.

मडक्यात तुकडे भरा, तोंडावर स्टीलची जाळी ताणून बसवा आणि गळ्याभोवती तारेने घट्ट आवळा. उलटं करून हलवून बघा, एकही तुकडा खाली पडता कामा नये.

मडक्याच्या पोटाला बाहेरून कपडमाती द्यायची. वारुळाची किंवा कुंभाराची चिकणमाती भिजवून खिरीइतकी सैल करायची, जुन्या सुती धोतराच्या पट्ट्या तिच्यात बुडवून मडक्याभोवती गुंडाळायच्या. पहिला थर सावलीत पूर्ण सुकला की दुसरा. घाई करून उन्हात सुकवलात तर भेगा पडतात. या दोन थरांमुळे मडकं एकदम तापून तडकत नाही.

खड्डा, आणि पाण्याची अडचण

हा प्रयोग दिवाळीनंतर जमीन सुकली की करायचा, तो थेट एप्रिलपर्यंत. एकदा आम्ही तो कार्तिकात, पाऊस जाऊन पंधरा दिवस झाले असताना केला आणि ओल्या जमिनीने आमचा जीव काढला. दोन तास शेणी जळत होत्या आणि पाइपातून नुसती पांढरी वाफ.

याचं कारण मुलांकडून गणित करून घ्यावं असं आहे. १ किलो पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत न्यायला सुमारे २९३ किलोज्यूल लागतात. तेच पाणी उकळून वाफ करायला सुमारे २२६० किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ पावणेआठ पट. जोवर ओल आहे तोवर आच सगळी पाण्यातच जाते आणि तापमान शंभराच्या पुढे हलत नाही.

जमिनीखाली खडक तापवणाऱ्यांची सर्वांत मोठी डोकेदुखी हीच. खडकातून भूजल वाहत असेल तर उष्णता वाहून जाते, आणि तयार झालेलं तेल त्या पाण्यात मिसळतं. शेल या तेलकंपनीने (खडकाच्या आणि तिच्या नावातलं साम्य निव्वळ योगायोगाचं) कोलोरॅडोत यावर जो तोडगा काढला तो मला फार आवडतो. तापवायच्या जागेभोवती जवळजवळ भोकं पाडायची, त्यांतून उणे तापमानाचा द्रव खेळवायचा आणि जमिनीतलंच पाणी गोठवून चारी बाजूंनी बर्फाची भिंत उभी करायची. मग आतलं पाणी उपसायचं आणि मधोमध साडेतीनशे अंशांची आच लावायची. बाहेर बर्फ, आत भट्टी. शेतात पाणी अडवायला आपण बांध घालतो, तसाच हा बांध, जमिनीखाली आणि बर्फाचा.

आपल्याला एवढं करायचं नाही. उंचवट्यावरची जागा घ्या. माडाच्या झावळांखाली, गवताच्या उडवीजवळ, घराला लागून मुळीच नको. चारी बाजूंनी पंधरा-वीस फूट पातेरा झाडून काढा. डबा पूर्ण आत जाईल आणि झाकणावर चार बोटं माती बसेल इतका खोल खड्डा खणा. पाइपासाठी बाजूला चर काढा. पाइप डब्यापासून किंचित चढता ठेवा म्हणजे त्यात जमलेला द्रव परत डब्यात येईल. चराच्या टोकाला तो दोन फूट वर उभा करा. डबा आणि पाइप यांच्याभोवती मात्र ओली वाळू भरा. इथे थंडावा हवाच आहे, वाफेचं तेल तिथेच होणार.

आता मडकं उपडं करून त्याचं तोंड झाकणाच्या भोकावर नीट मध्यावर बसवा.

सांधा

पहिल्या वेळी पाइप नव्हता. वायू वाया जाऊ नये म्हणून मी सांध्याला कपडमातीचे सात थर दिले होते, आणि मला त्याचा अभिमान होता. आच लावून तासाभराने बद्द असा आवाज आला, मडक्याचं बूड उडालं आणि पेटत्या करवंट्या पडवीच्या पायरीपर्यंत पडल्या. मुलांना आखून दिलेल्या रेषेच्या मागे बसवलं होतं म्हणून कुणाला इजा झाली नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. जुनी माणसं सांधा लिंपायची, पण त्यांची मडकी सच्छिद्र असत आणि लिंपणही थोडं श्वास घेई. मी श्वासच बंद केला होता.

म्हणून पाइप. तो कधीही बंद करायचा नाही, त्याच्या तोंडाला फडकं किंवा बूच लावायचं नाही. आच लावण्याआधी टोकातून फुंकून बघा, हवा आरपार गेली पाहिजे. पाइप असला की सांधा निर्धास्तपणे तीन थरांनी लिंपता येतो. त्यावर चार बोटं माती दाबून बसवा, रात्रभर सुकू द्या.

आच

सकाळी सातला सुरुवात करा. त्या वेळी मतलई वारा मंदावलेला असतो आणि दुपारचे खारे वारे सुरू व्हायला अवकाश असतो. मडक्याभोवती हातभर अंतरावर सुक्या चिऱ्यांचं कडं करा, हवेसाठी फटी सोडा. चिरे ओले असले तर तापून फुटतात. कड्यात शेणी उभ्या रचा, मडक्यावरही आडव्या ठेवा. सगळ्या शेणी आधी वजन करून घ्या. आम्हाला ११ किलो लागल्या. बादलीभर पाणी आणि वाळूची पाटी हाताशी हवी.

आग वरून लावा. वरून पेटलेली शेणी हळूहळू खाली उतरते आणि मडकं सावकाश तापतं. लाकूड घालून जाळ करायचा मोह होतो, तो आवरा. भाकरीसारखी भर आच नको, दूध आटवतो तशी हवी.

आता पाइपाच्या टोकाकडे लक्ष ठेवा, दोन हात लांबून. आधी पांढरी वाफ येते, ती ओल. साधारण सव्वा तासाने धूर पिवळट होतो आणि डोळ्यांना झोंबतो. २२० ते ३१५ अंशांच्या दरम्यान हेमिसेल्युलोज मोडतं, त्यानंतर ४०० पर्यंत सेल्युलोज. लिग्निन मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत सावकाश मोडत राहतं, आणि करवंटीत लिग्निन भरपूर. म्हणून तिचं तेल इतकं काळं आणि फिनॉलच्या उग्र वासाचं. शेवटी धूर विरळ, निळसर होतो. टोकाशी लांब काठीने पेटतं चुडत धरलं तर तो निळ्या ज्योतीने जळतो. हे काम शिक्षकाने करायचं. त्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो, म्हणून तोंड जवळ नेऊ नका आणि प्रयोग कधीच छपराखाली करू नका.

तापमान आणि वेळ यांचं नातं या टप्प्यावर मुलांना सांगावं. खडक खाणीतून काढून जमिनीवरच्या भट्टीत ५०० अंशांच्या आसपास तापवला तर काही मिनिटांत तेल सुटतं. एस्टोनियात अशा भट्ट्या आजही चालतात. पण ते तेल जड असतं, त्यात नायट्रोजन बराच, शुद्ध करायला हायड्रोजन लागतो. शिवाय जळका खडक कुटल्यामुळे मूळच्यापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्याचे डोंगर साचतात. स्कॉटलंडमध्ये जेम्स यंगच्या १८५० च्या पेटंटनंतर हा उद्योग फोफावला आणि १९६२ पर्यंत चालला. त्याचे लाल ढिगारे वेस्ट लोदियनमध्ये अजून उभे आहेत.

खडक जागेवरच, ३४० ते ३७० अंशांवर, दोन ते चार वर्षं तापवत ठेवला तर जड रेणू खालीच मोडतात आणि वर येतं ते हलकं तेल आणि वायू. शेल कंपनीने विजेचे तापक खोल भोकांत सोडून हेच केलं. तिच्याही आधी, दुसऱ्या महायुद्धात तेलाची टंचाई असताना स्वीडनमध्ये फ्रेडरिक ल्युंगस्ट्रोम यांनी क्वार्नटॉर्प इथे ही पद्धत चालवली. षट्कोनी मांडणीत भोकं, त्यांत विजेचे तापक, आणि मधल्या भोकातून वर येणारी तेलाची वाफ. १९६६ मध्ये तिथला तेलाचा उद्योग बंद झाला. तिथली राखेची टेकडी आतून अजून गरम आहे.

इतकी वर्षं का लागतात? खडक उष्णता फार हळू पुढे देतो. चिऱ्याच्या भिंतीचं घर दुपारी आतून गार राहतं ते याच गुणामुळे. म्हणून तापक जवळजवळ बसवावे लागतात, आणि भोकं वाढली की खर्च वाढतो.

आमची शेणी साडेतीन-चार तासांत विझत आली. राख तशीच मडक्यावर लोटून द्या आणि घरी जा.

दुसऱ्या दिवशी

त्याच संध्याकाळी उघडू नका. आतला कोळसा वरून गार वाटला तरी हवा मिळताच पेट घेतो. रात्र जाऊ द्या.

सकाळी रबरी हातमोजे घाला. राख बाजूला करा, सांध्याची माती ओली करून सोडवा, मडकं सरळ वर उचला. जाळी कापली की आत करवंटीचे तुकडे जसेच्या तसे दिसतात, आकार तोच, पण काळे आणि हलके, हातातून सोडले तर काचेसारखे खणखणतात. गळ्याजवळचे मूठभर तुकडे मात्र अर्धे तपकिरी असतात. ती जागा मातीत होती, आच तिथवर पोचली नाही. हे तुकडे वेगळे ठेवा. जमिनीखालच्या भट्टीत दोन तापकांच्या मधला खडक असाच कच्चा राहतो.

डब्यातला द्रव काचेच्या उंच बरणीत ओता आणि तीन दिवस हलवू नका. दोन थर होतात. वर चहासारखं तांबूस, आंबट वासाचं पाणी, खाली काकवीसारखं घट्ट काळं तेल. करवंटीचं तेल पाण्यापेक्षा जड, म्हणून बुडतं. तेलशेलचं तेल पाण्यावर तरंगतं. वरचं पाणी रबरी नळीने काढून घ्या, पण नळीला तोंड लावून ओढू नका, आधी पाण्याने भरून सोडा.

आजी हे तेल सर्रास कातडीवर लावायची, पण मी लावत नाही आणि तुम्हालाही लावू नका असंच सांगेन. त्यातल्या फिनॉलने कातडी भाजते, आणि डांबरात कर्करोगाला कारण ठरणारे काही पदार्थही असतात. कातडीच्या दुखण्याला डॉक्टर गाठा. कुंपणाच्या खुंटांची जमिनीत जाणारी टोकं या तेलात बुडवली तर मात्र वाळवी बराच काळ लांब राहते.

हिशेब

२ किलो करवंटीतून आमच्या तिसऱ्या खेपेला कोळसा ६२० ग्रॅम आला, द्रव ७१० ग्रॅम, त्यात काळं तेल फक्त १२० ग्रॅम. बेरीज १३३०. उरलेले ६७० ग्रॅम पाइपातून वायू होऊन गेले. हे वजाबाकीचं उत्तर मुलांनाच काढू द्या.

आता ऊर्जेचा हिशेब. शेणीच्या किलोमागे साधारण १२ ते १४ मेगाज्यूल धरले तर ११ किलोंतून १४० च्या आसपास मेगाज्यूल खर्च झाले. १२० ग्रॅम तेलात, किलोमागे २५ ते ३० धरून, साडेतीन मेगाज्यूलसुद्धा मुश्किलीने. कोळसा मोजला तरी आणखी अठरा-एकोणीस. उघड्यावरच्या आगीची बरीचशी उष्णता आभाळात जाते हे खरं, पण आकडा बघून वर्ग गप्प झाला.

मोठ्या प्रमाणावर हा हिशेब सुधारतो, पण प्रश्न तोच राहतो. एक बॅरल तेलासाठी खडक तापवायला २५० ते ३०० युनिट वीज लागेल, असा अंदाज अमेरिकेतल्या रँड या अभ्याससंस्थेने २००५ मध्ये मांडला. दिवसाला १ लाख बॅरल काढायचे तर १२०० मेगावॉटचं स्वतंत्र वीजकेंद्र हवं. आपल्या जयगडचा औष्णिक वीजप्रकल्प बरोबर १२०० मेगावॉटचा आहे. त्याच्या चिमण्या मुलांनी पाहिलेल्या असतात, म्हणून हा आकडा त्यांना लगेच समजतो. अख्खं जयगड रात्रंदिवस फक्त दगड तापवायला लावायचं, आणि मिळणार १ लाख बॅरल. भारताला रोज लागतात ५० लाखांहून जास्त.

बॅरलभर तेलात सुमारे १७०० युनिटांएवढी उष्णता असते. ३०० युनिट वीज करायला औष्णिक केंद्रात साधारण ७५० युनिटांचा कोळसा जळतो. म्हणजे एक घालून सव्वादोन मिळतात, तेही खोदाई, बर्फाची भिंत आणि शुद्धीकरण न धरता. वीज पाण्यावर किंवा उन्हावर केली तर चित्र बदलतं, पण मग ती वीज थेट का वापरू नये, हा प्रश्न आमच्या वर्गातल्या एका मुलीने विचारला. माझं मत तिच्या बाजूचं आहे. शेल कंपनीने २०१३ मध्ये कोलोरॅडोतलं काम थांबवलं.

उरलेलं आंबट पाणी

हे काम सगळ्यात कंटाळवाणं, आणि इथेच माणसं आळस करतात. अर्ध्या लिटरहून जास्त तांबूस पाणी उरतं. ते विहिरीजवळ, वायंगणात, पऱ्ह्यात कुठेही ओतू नका. त्यात आम्ल आणि फिनॉल असतं. जांभा चाळणीसारखा असतो, आज परसात ओतलेलं उद्या शेजाऱ्याच्या विहिरीत उतरतं. खडक तापवून झाल्यावर त्या पोकळीत शिरणाऱ्या भूजलाचं काय करायचं, हा कोलोरॅडोतलाही सर्वांत अवघड प्रश्न होता, आणि बर्फाची भिंत तेल काढून झाल्यावरही बराच काळ टिकवायची होती ती यासाठीच, आतला खडक पाण्याने धुऊन काढण्यासाठी.

एक छोटी बाटली प्रयोगशाळेसाठी चिठ्ठी लावून कुलपात ठेवा. बाकीचं पाणी जुन्या पत्र्याच्या डब्यात चुलीची राख आणि लाकडाचा भुसा घालून कालवा. राख आम्ल मारते, लिटमसने तपासा. तो गोळा पत्र्यावर उन्हात वाळवा आणि पुढच्या खेपेच्या भट्टीत शेणीबरोबर जाळून टाका. डबा आणि पाइप राखेने घासून वेगळे ठेवा, ते पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नयेत. खड्ड्यातली तेलकट वाळू त्याच पत्र्यावर भाजून घ्या, मगच खड्डा बुजवा. वर एक चिरा ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी तीच जागा वापरता येईल.